दात कशानं घासता?

शहागंजच्या मागच्या गल्लीत माझा मिरची कांडपाचा डंका आहे. नवं गिऱ्हाईक आत आलं की शिंकून बेजार होतं, मला मात्र वर्षानुवर्षं एक शिंक आलेली नाही. कोणाचीही मिरची आली तशी मी डंक्यात टाकत नाही. दारात ऊन येतं तिथं ताट ठेवते, मिरची पसरते, संशय आला तर मोडून आत बघते. वरून लालभडक दिसणारी मिरची कधीकधी आतून बुरशीने काळी पडलेली असते, आणि अशा चार जरी आत गेल्या तरी वर्षाचा मसाला नासतो. मसाला तयार झाला की त्यातली चिमूट जिभेच्या शेंड्यावर ठेवायची. खोबरं कमी भाजलंय, दगडफूल जुनं आहे, धने ओलसर होते, हे मी डोळे मिटून सांगते. बढाई वाटली तर वाटू द्या. छावणीतल्या बायका रिक्षा करून माझ्याकडे येतात त्या यासाठीच येतात.

माझ्या तोंडाला कॅन्सर दोनदा झाला. पहिल्यांदा उजव्या गालात, आणि सहा वर्षांनी जिभेच्या डाव्या कडेला. दुसरा म्हणजे पहिलाच परत आलेला नव्हता, तो नवा होता. एकदा झालेल्याला असा नवा होऊ शकतो हे डॉक्टर सांगत नाहीत असं नाही, सांगतात, आपणच कानाआड करतो. म्हणून लिहायला बसले आहे. दहावी पास आहे मी. शुद्धलेखन मुलीने तपासलं, बाकी सगळं माझं.

गालातला फोड

गालाच्या आत फोड आला आणि बरा होईना. मिरचीच्या धुरळ्यात निम्मं आयुष्य काढलेली बाई मी, आणि मला साधं वरण झोंबायला लागलं. गाल चावला असेल म्हणून महिनाभर हळद लावली, तूप लावलं. मग तोंड पुरतं उघडेना. भाकरीचा घास चपटा करून आत सारताना माझ्या मुलीने, वैशालीने, मला पाहिलं आणि हाताला धरून दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आत पाहिलं, हातातला छोटा आरसा खाली ठेवला आणि तंबाखू कोणत्या बाजूला धरता म्हणून विचारलं. मी उजवा गाल दाखवला. पुढचं त्यांना फारसं बोलावं लागलं नाही.

तंबाखूचं मी कधी लपवलं नव्हतं. दिवसभर उभ्याचं काम, डंक्याच्या आवाजात कोणाशी बोलायची सोय नाही, चुना लावून चिमूटभर गालात धरली की वेळ सरायचा. आमचे हेही खायचे. हे चितेगावच्या एका कारखान्यात पाळीवर जात, तिथं जेवणाच्या सुट्टीत पुडी हातोहात फिरायची.

गालातून काढलेला तुकडा तपासून आला त्या दिवशी आम्ही दोघं कॅन्सरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर समजावून सांगत होते आणि मला त्यांच्या मागचं कॅलेंडर दिसत होतं. त्याचं पान मागच्या महिन्याचंच होतं, कोणी उलटलं नव्हतं. उठून ते उलटावं एवढंच मला वाटत राहिलं. बाहेर आलो. फाटकाशी कचऱ्याचा डबा होता. त्यात यांनी खिशातली पुडी टाकली, चुन्याची डबी टाकली आणि माझ्यापुढे हात केला. मी कमरेची चंची काढून दिली, तीही गेली. त्या दिवसापासून यांनी तंबाखूला बोट लावलेलं नाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

कुल्फीच्या काड्या

ऑपरेशनबद्दल मी फार सांगणार नाही. गालाचा आतला भाग, चार दात आणि मानेतल्या गाठी काढल्या, आणि गालाला मांडीची कातडी लावली. शुद्ध आली तेव्हा नाकात नळी होती आणि बोलता येत नव्हतं. वैशालीची जुनी पाटी आणवून घेतली. त्यावर पहिलं वाक्य लिहिलं, डंक्याचा पट्टा सैल झालाय, कोणाला तरी दाखवा. हे हसले आणि मग तोंड फिरवून रडले.

जखम भरल्यावर सहा आठवडे किरणांचा शेक. त्यासाठी चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा करतात आणि तो टेबलाला पक्का बसवतात, म्हणजे डोकं हलत नाही. पहिल्या दिवशी मी घाबरले, जीव गुदमरला, हात वर करून मशीन थांबवायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून आत पडल्या पडल्या मसाला करायला लागले. धने निवडले, खोबरं किसलं, लवंग-दालचिनी तेलावर परतली, आणि नागकेशरापर्यंत पोचले की मशीन थांबायचं. जिला हा मुखवटा पहिल्यांदा घालायचा आहे तिला माझं सांगणं आहे की देवाचं नाव जरूर घ्या, पण ते दोन मिनिटांत संपतं. आपलं रोजचं काम मनात सुरू करा, ते संपत नाही.

नळीतून भरवायचं काम यांनी घेतलं. ज्या माणसाने जन्मात चहा केला नव्हता तो मुगाचं पाणी शिजवून, फडक्यातून गाळून, आपल्या मनगटावर थेंब टाकून गरम-गार बघायचा. वॉर्डातली झाडूवाली मावशी माझ्या खाटेपाशी आली की न सांगता पंख्याचं तोंड माझ्याकडे करायची. तिचं नाव मी विचारलं नाही, त्याची आज लाज वाटते.

शेकामुळे जबडा आखडतो. तो उघडावा म्हणून कुल्फीच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि दर आठवड्याला एखादी वाढवायची. पहिल्या दिवशी माझ्या सात बसल्या. वॉर्डात आमच्या पैजा लागायच्या. घरी जाताना माझ्या चौदा होत्या, सहा महिन्यांनी एकोणीस. दहावीचे मार्कही मी कोणाला एवढ्या तोऱ्यात सांगितले नव्हते.

पण चव गेली. गोड नाही, आंबट नाही, सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. मी डंक्यावर जायला लागले, वासावर आणि हाताच्या अंदाजावर काम चालवलं, पण बायका समोर बसलेल्या असताना चिमूट जिभेवर ठेवायची आणि समजल्यासारखी मान हलवायची, हे खोटं मला सलत होतं. सातव्या महिन्यात एका बाईचा मसाला असाच जिभेवर ठेवला आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “खसखस भाजायची राहिली की हो.” ती म्हणाली, व्हय, घाईत तशीच टाकली. मी डंका बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन पोटभर रडले. तिला वाटलं माझ्या डोळ्यात मिरची गेली. त्यानंतर कोणी विचारलं की काय केलंस ग तू आयुष्यात, तर मला सांगायला एक गोष्ट झाली. मी माझी जीभ परत मिळवली होती.

डबी

आता माझ्या चुकीचं.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्या पैठण रोडवरच्या आमच्या गावी असतात, शेत बघतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ज्वारी आणि बाजरीच्या पिठातला फरक हाताला कळत नव्हता. अक्कांनी मला भाकरी शिकवली, काळा मसाला शिकवला, चिमूट जिभेच्या शेंड्यावर ठेवायची, मधे नाही, हेही त्यांनीच शिकवलं. आणि पहिल्याच आठवड्यात, मागच्या दारी बसून, मिसरी लावायला शिकवलं. आमच्याकडच्या बायका दिवसातून तीनदा मिसरी लावतात. बोटावर घ्यायची, दातांवरून आणि हिरड्यांवरून फिरवायची, थोडा वेळ तशीच ठेवून चूळ भरायची. तेवढा वेळ सासू काम सांगत नाही. सुनांना तेवढीच सुट्टी.

पहिल्या दुखण्यात मिसरीही सुटली होती, कारण तोंडच उघडत नव्हतं. दुसऱ्या वर्षी उरलेल्या हिरड्या ठणकायला लागल्या. अक्का भेटायला आल्या, माझे हाल पाहिले, आणि पुढच्या खेपेला ताजी भाजलेली मिसरी छोट्या पितळी डबीत भरून घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, “ही तंबाखू नाय, सुमन. दाताचं औषीद हाय. हिरड्या घट व्हत्यात.” मी लावली. ठणका थांबला. मग रोज लावायला लागले.

मिसरी तंबाखूच भाजून करतात हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. मी स्वतः तव्यावर भाजलेली आहे. पण आमच्यात खाणं वेगळं आणि लावणं वेगळं. आयुष्यात तंबाखू खाल्ली नाही म्हणून जी बाई देवाची शपथ घेईल तीच दुपारी मिसरी लावून बसलेली असते, आणि तिची शपथ तिच्या हिशेबी खरी असते. दवाखान्यात दर तपासणीला विचारायचे, तंबाखू? मी म्हणायचे, सोडली. म्हणताना छाती फुगायची. घरात मिसरी मोरीच्या कोनाड्यात असायची आणि पुरुष माणूस त्या कोनाड्यात बघत नाही.

पाच वर्षं झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की जुना परत येण्याची भीती आता बरीच कमी झाली, पण ज्या तोंडात एकदा झाला तिथं, घशात, अन्ननलिकेत, फुप्फुसात नवा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, तेव्हा येत राहा. माझ्या कानात फक्त पाच वर्षं शिरली. गावी जाऊन जेवण घातलं. अक्कांनी हंडाभर आमटी केली, मी चाखून मीठ सांगितलं, आणि गावातल्या बायका माझ्याकडे लढाई जिंकून आलेल्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

दारातलं ऊन

एक गोष्ट मात्र मी सोडली नव्हती. महिन्याच्या पहिल्या तारखेला तोंड बघायचं. दवाखान्यात ते शिकवतात. मी डंक्याच्या दारात, मिरची बघते त्याच उन्हात, हातात आरसा धरून बसते. दोन्ही गाल, हिरड्या, टाळू, मग जीभ फडक्यात धरून आधी एका कडेला, मग दुसऱ्या. गल्लीतल्या लोकांना त्याची सवय झाली होती.

सहाव्या वर्षी एका पहिल्या तारखेला डाव्या कडेला लाल ठिपका दिसला. मसुराच्या डाळीएवढा. दुखत नव्हता, झोंबत नव्हता. दात लागला असेल म्हणून पंधरा दिवस थांबले, तेवढं थांबायला हरकत नाही असं सांगितलेलं होतं. पंधरा दिवसांनी तो तिथंच होता आणि कडा जरा खडबडीत लागत होत्या.

घरात तेव्हा वैशालीचं लग्न ठरत होतं. सुपारी फुटायला महिना होता. ह्यांचं म्हणणं पडलं की पाच वर्षं तर झाली, आता काय असणार, आणि मुलाकडच्यांच्या कानावर आत्ता दवाखाना कशाला. अक्कांचाही गावाहून निरोप आला की पोरीचं कुंकू होऊ दे, मग जा. त्यांच्या बोलण्यात काळजीच होती, मला कळत होतं. पण खराब मिरची दिसली आणि ताट बाजूला सरकवून ठेवलं, असं मी एकाही गिऱ्हाइकाच्या बाबतीत केलेलं नाही. मी म्हटलं, मी उद्या जाते. वैशालीने फोन उचलला आणि मुलाला सरळ सांगितलं की माझ्या आईच्या जिभेवर काहीतरी आहे, आम्ही उद्या दवाखान्यात आहोत, तुम्हाला अडचण असेल तर आजच सांगा. तो म्हणाला, मी गाडी घेऊन येऊ का. माझी मुलगी मला तेव्हा फार मोठी दिसली.

मसाल्याचे हात

दवाखान्यात आता नवीन डॉक्टरीणबाई होत्या, परभणीकडच्या, वयाने वैशालीपेक्षा थोड्याच मोठ्या. तुकडा तपासून आला आणि त्यांनी मला आणि यांना समोर बसवलं.

“मावशी, हा जुना नाही. जुन्या जागी सगळं स्वच्छ आहे. हा नवा आहे.”

“नवा म्हंजी? माझ्यातच का?”

त्यांनी शेती आहे का विचारलं. मी म्हटलं, आहे, कपाशी आणि तूर.

“मग हराळीचा एक ठोंब खणला म्हणून वावर साफ झालं असं म्हणता का तुम्ही? तंबाखूचा रस वर्षानुवर्षं सगळ्या तोंडात, घशात मुरलेला असतो. एका जागी उगवलं ते आम्ही काढलं. बाकीचं वावर तेच राहतं. म्हणून तर येत राहा म्हणतो.”

मग त्यांनी सांगितलं की ठिपका लहान आहे, जिभेची कड काढावी लागेल, किती ते आत गेल्यावर ठरेल. दोन-तीन महिने उशीर झाला असता तर निम्मी जीभ गेली असती, आणि आधी शेक घेतलेल्या जागी परत शेक देणं फार अवघड असतं. मी विचारलं की चव राहील का. त्या म्हणाल्या, खात्री देत नाही. मला ऑपरेशनची भीती वाटली नाही, याची वाटली. जीभ गेली तर मी डंक्यावर बसून नुसती मिरची कुटणारी बाई होणार होते.

त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, “तंबाखू?”

“सहा वर्सं झाली सोडून.”

“लई निग्रहाची हाय,” हे शेजारून म्हणाले.

बाईंनी माझा हात हातात घेतला आणि पहिलं बोट उजेडाकडे वळवलं. ते काळपट होतं. कशाने, म्हणाल्या. मी म्हटलं, मसाल्याचे हात आहेत, मॅडम. त्यांनी हात सोडला. त्या दिवशी सकाळीही मी मिसरी लावून आले होते.

टेबलावर

ऑपरेशनच्या आधी दुर्बिणीने घसा आणि अन्ननलिका बघतात, कारण नवा कुठे आणखी लपला आहे का ते पाहायचं असतं. त्या रांगेत माझ्या शेजारी जालन्याकडचे एक निवृत्त ड्रायव्हर बसले होते. त्यांचा पहिला स्वरयंत्राचा होता, आवाज घोगरा झालेला. आता अन्ननलिकेत सापडला होता. मी विचारलं, बिडी सोडली नव्हती का. ते हसले. म्हणाले, सोडली व्हती की, फक्त जेवणावरची एक ऱ्हायली व्हती, आता एकीला कोण मोजतंय.

 मी मनात म्हटलं, कसला माणूस आहे हा. आणि मग मला मोरीतला कोनाडा आठवला.

माझी दुर्बीण स्वच्छ आली. पुढच्या तपासणीला मी पिशवीत डबी घेऊन गेले. हे शेजारी होतेच. ते बाहेर असताना बोलावं असं क्षणभर वाटलं, पण तेही एक लपवणंच झालं असतं. बाईंनी कागद पुढे ओढले तशी मी डबी काढून टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं.

“मॅडम, ते बोट मसाल्यानं काळं नव्हतं. मी मिसरी लावते. चार वर्सं झाली. तंबाखू सोडली म्हणून सांगत व्हते, ते खोटं व्हतं.”

बाई रागावल्या नाहीत. डबीतला वास घेतला, कितीदा लावता ते विचारलं, लिहून घेतलं. म्हणाल्या की आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका तंबाखू नाही म्हणतात, आणि आम्ही तेवढंच लिहून पुढच्या प्रश्नाकडे जातो.

हे उठून बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. ज्या माणसाने माझ्यासाठी फाटकाशी पुडी टाकली, भर उमेदीत, कंपनीत सगळ्यांच्या हातात पुडी असताना ज्याने सहा वर्षं कळ काढली, त्याच्या पाठीमागे मी हे केलं होतं. बऱ्याच वेळाने ते परत आले. हातात माझी पाण्याची बाटली होती, भरून आणलेली. शेकापासून माझं तोंड कोरडं पडतं, बाटलीशिवाय मला चालत नाही. ती त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

रिक्षात बसल्यावर म्हणाले, “म्हंजी येवढे दिस मी एकटाच सुटलो व्हय.”

मी हसले आणि मग मला रडू आवरेना. घरी गेल्यावर डबी कुठं असायची ते विचारून मोरीतला कोनाडा त्यांनी स्वतः घासून धुतला.

उरलेली जीभ

डाव्या कडेची पट्टी गेली, बोटाच्या दोन पेरांएवढी. शेक द्यावा लागला नाही. पहिले काही आठवडे माझं बोलणं तोंडात लाडू असल्यासारखं यायचं. मी रोज डंक्यासमोर उभी राहून मसाल्याचे जिन्नस मोठ्याने म्हणायचे, दगडफूल, नागकेशर, शहाजिरे, तमालपत्र, जोवर शेजारच्या दुकानातून ओरडून सांगत नाहीत की आता नीट ऐकू आलं. वैशालीच्या लग्नात पाहुण्यांची सरबराई मी स्वतः केली, आणि एकाही माणसाने मला परत बोला असं म्हटलं नाही.

चिमूट मात्र मी लग्न होईपर्यंत ठेवून बघितली नाही. धीर झाला नाही. पाचपरतावण झालं, घर रिकामं झालं, आणि मग डंक्यावर जाऊन आदल्या दिवशीच्या मसाल्यातली चिमूट शेंड्यावर ठेवली. डोळे मिटले. आधी खोबरं आलं, मग धने, मग सगळ्यात शेवटी, खाली कुठेतरी, हिंग. हिंग जरा जास्त होता. तो घरचाच मसाला होता म्हणून मी स्वतःलाच शिवी दिली.

आणखी एक गोष्ट सांगते, तिचा मला जिभेइतकाच अभिमान आहे. त्या दवाखान्यात आता नव्या बाईला तंबाखू खाता का एवढंच विचारत नाहीत. आधी विचारतात, दात कशानं घासता? डॉक्टरीणबाईंनी माझ्या देखत तपासणीच्या कागदावर तो प्रश्न घातला, आणि भाषा कशी ठेवायची ते मला विचारून. मी दर गुरुवारी वॉर्डात जाते, नव्या बायकांना काड्या धरायला शिकवते, आरसा कसा धरायचा ते दाखवते. त्या प्रश्नाला किती जणी खरं बोलतात ते मी कान देऊन ऐकत असते.

अक्का

डबी कुठून आली हे मी बाईंना सांगितलं नव्हतं, यांनाही नाही. अक्कांनाही बोलले नाही. राग आला होता का? आला होता, दोन दिवस. पण ज्या हाताने ती डबी आली त्याच हाताने मला मसाला आला होता, आणि लावायची की नाही हे माझ्या हातात होतं.

गेल्या उन्हाळ्यात अक्का वर्षाची मिरची घेऊन डंक्यावर आल्या. मी त्यांची मिरची दारात पसरली, चार काढून टाकल्या. मग त्यांना तिथंच स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, अक्का, आता तोंड उघडा. त्यांनी मला वेड्यात काढलं. भर गल्लीत तोंड कसलं उघडायचं म्हणाल्या. मी माझी जीभ बाहेर काढून दाखवली, डावीकडची तुटलेली कड. त्यांनी ती इतक्या जवळून पाहिली नव्हती. पदर सावरला आणि तोंड उघडलं. खालच्या ओठाच्या आत, मिसरी ठेवायच्या जागी, साईसारखा पांढरा चट्टा होता.

काय निघालं ते आधीच सांगून टाकते. कॅन्सर नव्हता. दर तीन महिन्यांनी परत दाखवायचं आहे, आणि त्या दाखवतात. पण मला लिहायचं आहे ते तपासणीच्या दिवसाचं. हेच घेऊन गेले होते आम्हाला. अक्का खुर्चीत पाठ ताठ करून बसलेल्या, पदर डोक्यावर. डॉक्टरीणबाईंनी कागद घेतला, नाव विचारलं, वय विचारलं, आणि मग आमचा तो प्रश्न आला.

“आजी, दात कशानं घासता?”

अक्कांनी यांच्याकडे पाहिलं. थोरली वहिनी आणि धाकटा दीर, आयुष्यात ज्याच्यासमोर त्यांनी मिसरीचं नाव काढलं नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं. आता त्या मंजन म्हणतील असं मला वाटलं.

“मिसरीनं,” अक्का म्हणाल्या. “तीन टायमाला. आन् हिला बी मीच दिली व्हती, ते बी लिव्हा.”